वगळायचे शब्द

एकतीस तारखेला मढवीबाई रिटायर होणार,
म्हणून सॉफ्टवेअरला शोध हवा.
बेलापूरच्या ऑफिसातून मेल आला, एवढाच.
जावातलं जुनं ॲप, माझ्या कॉलेजच्याही आधीचं,
आत अकरा हजार दोनशे चार अर्ज:
खाजणं, मिठागरं, गेलेल्या जमिनी,
भूखंड, वारस, वारसांचे वारस.

तोवर शोध म्हणजे मढवीबाई.
"करावे गाव, फुटका बांध, कुणीतरी भोपी," म्हटलं
की चष्मा कपाळावर सरकवून त्या सांगायच्या,
"गोमा पदाजी. ब्याण्णव साल. निळं कव्हर."

मी आधी सोपं केलं.
प्रत्येक ओळीला विचारलं, तुझ्यात हा शब्द आहे का?
डेटाबेस दारोदार फिरला जनगणनेच्या मास्तरासारखा.
चाळीस सेकंद.
तेवढ्यात बाईंनी फाइल काढून धूळही झटकली.

मग उलटं केलं.
आता शब्दालाच विचारायचं, तू कुठे कुठे आहेस?
पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तशी.
पण मराठी शब्द घराबाहेर पडताना कपडे बदलतो.
पाणी पाण्यात शिरतं, मीठ मिठाला जागत नाही,
आणि भाऊ,
सातबारा भावाच्या नावावर झाला की ओळखच देत नाही.
महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर, एसी बंद झाल्यावर,
मी प्रत्यय छाटत बसले: ला, ना, चा, ची, हून, आवे.
रात्री दोनला छाटणी जरा जास्तच झाली.
करावे गावचं नुसतं "कर" उरलं
आणि घरपट्टीच्या अर्जांत मिसळून गेलं.
अख्खं गाव. दुसऱ्यांदा.
हाताने एकेक अक्षर लिहून मी ते परत आणलं.

राहिले वगळायचे शब्द.
आणि, व, पण, तर, हा, ही, होता, नाही.
कुणीतरी कधीतरी केलेली तयार यादी,
ज्यांना शोधायला कुणी येत नाही त्यांची.
मी ती न वाचता जोडली.

डेमोच्या दिवशी बाईंनी एका बोटाने टाइप केलं:
मोबदला मिळाला.
पाव सेकंद. तीन हजार सहाशे अर्ज.
"एवढ्यांना मिळाला?"
पहिला उघडला. मोबदला मिळाला नाही.
दुसरा. अद्याप मिळाला नाही.
तिसरा. वडील वारले, मिळाला नाही, तरी विनंती की.
बाईंनी काही न बोलता खोका रिकामा केला,
लिहिलं: नाही.
शून्य.

"अकरा हजार कागदांत एक 'नाही' नाही?"
साहेब हसले. मीही, सवयीने.
बाई हसल्या नाहीत.
"चौतीस वर्षं मी तोच शब्द फायलींत लावला गो."

यादीतून तो काढला. सूची पहिल्यापासून बांधायला घेतली.
"नाय पण घाल," जाता जाता त्या म्हणाल्या,
"काही जणांनी बोलतात तसंच लिहिलंय."
सकाळपर्यंत आकडा वर चढत होता,
मी वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभी राहून बिस्कीट खाल्लं.

नऊ हजार एकशे सत्तर.

मग त्यांनी विचारलं, आधी कुठला दाखवतं, नंतर कुठला?
मी सांगितलं, प्रत्येक शब्दाला वजन असतं.
जो शब्द फार थोडे लिहितात, तो जड.
जो सगळेच लिहितात, तो हलका.
"म्हणजे हा?"
जवळजवळ काहीच नाही.
चष्मा कपाळावरून नाकावर आला.
"हां. ऑफिसातही तसंच होतं."

शेवटी त्यांनी एकच नाव टाकलं, चांगुणा.
एकच अर्ज आला, क्षणात, सगळ्यात वर.
"बरोबर," त्या म्हणाल्या. "आणि कव्हर कुठल्या रंगाचं?"
मी स्क्रीनकडे बघत राहिले.
तो रकाना टेबलात नव्हता.
"राहू दे," पर्स उचलत त्या म्हणाल्या,
"हिरवं."